खाडीकाठचे वन
(इयत्ता पाचवी ते सातवीसाठी अभ्यासपाठ व शिक्षकांसाठी टिपणे)



गेल्या माघ महिन्यात शाळाभेटीच्या निमित्ताने खाडीकाठच्या एका शाळेत जाण्याचा योग आला. सहावीच्या वर्गात वनांविषयीचा पाठ चालू होता. गुरुजींची तयारी चांगली होती. सह्याद्रीच्या माथ्यावरील सदाहरित वने, विदर्भातील सागाची वने व कोकणातील देवराया यांची माहिती सांगून झाल्यावर त्यांनी विचारले, "आपल्या गावाला वन आहे का?" मुलांनी एकमुखाने 'नाही' असे उत्तर दिले. वर्गाच्या खिडकीतून तर तिवरांची हिरवी रांग स्पष्ट दिसत होती. गुरुजींनी ती बोटाने दाखविली. हेही वनच आहे, ते लाटांचा मारा अडविते व समुद्राची पातळी वाढत असताना तेच आपले रक्षण करील, असे त्यांनी सांगितले. तेव्हा मागच्या रांगेतील एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, समुद्र वर येणार असेल तर तिवरंसुद्धा बुडतील. मग ती आपल्याला कशी वाचवणार?"

गुरुजी क्षणभर थांबले व म्हणाले, "याचे उत्तर मी शोधून सांगेन." हे त्यांचे बोलणे मला फार आवडले. वर्ग सुटल्यावर त्यांनी तोच प्रश्न मला केला, तेव्हा माझ्यापाशीही तयार उत्तर नव्हते. प्रस्तुत पाठ त्या प्रश्नातून निघाला आहे. वने, समुद्र व वन्य प्राणी या तिन्हींचे रक्षण हे तीन निरनिराळे विषय म्हणून आपण शिकवितो. कांदळवनात हे तिन्ही विषय एकाच चिखलात एकत्र आलेले आढळतात. म्हणून खाडीकाठच्या शाळांनी हा पाठ अवश्य घ्यावा. घाटावरील शाळांसही तो नकाशा व प्रयोग यांच्या साहाय्याने घेता येईल.

१. पाठाचा हेतू

पाठ संपल्यावर मुलांस पुढील गोष्टी सांगता आल्या पाहिजेत : (अ) खाऱ्या पाण्यात व चिखलात झाडे कशी जगतात, (आ) कांदळवनाचा मासेमार, शेतकरी व वन्य जीव यांस काय उपयोग होतो, (इ) हवामान बदलत असताना या वनास कशापासून धोका आहे व ते टिकण्यास कोणत्या गोष्टी लागतात. वरील मुलीच्या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्या हेतूत आहे. मात्र पहिल्या दोहोंवाचून ते मुलांच्या ध्यानात नीट उतरणार नाही. यासाठी घाई करू नये. पाठास चार तासिका व एक क्षेत्रभेट असा वेळ ठेवावा.

२. कांदळवन म्हणजे काय?

भरतीचे पाणी जेथवर येते व ओहोटीला जेथून परत जाते, त्या मधल्या पट्ट्यात वाढणाऱ्या झाडाझुडपांस खारफुटी व त्यांच्या वनास कांदळवन म्हणतात. आपल्या किनाऱ्यावर तिवर, कांदळ, चिप्पी, काजळा, मारांडी इत्यादी जाती आढळतात. पैकी पांढरी चिप्पी हिला महाराष्ट्र शासनाने २०२० साली राज्याचे कांदळवृक्ष म्हणून घोषित केले. २०२१ च्या भारतीय वन सर्वेक्षण अहवालाप्रमाणे देशात कांदळवनाखाली ४,९९२ चौरस किलोमीटर क्षेत्र होते व त्यांपैकी महाराष्ट्रात ३२४ चौरस किलोमीटर होते. देशाच्या नकाशात मुलांकडून पश्चिम बंगालमधील सुंदरबन, ओडिशातील भितरकनिका, तामिळनाडूतील पिचावरम व आपला कोकण किनारा ही ठिकाणे भरून घ्यावीत.

येथे मुलांस एक प्रश्न टाकावा : शेतात खारे पाणी शिरले तर भात करपते, मग तिवर का करपत नाही? उत्तर सांगण्यापूर्वी एक सोपा प्रयोग करावा. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवावे. समुद्राच्या पाण्यात क्षारांचे प्रमाण साधारण एवढेच असते. एका कुंडीतील रोपास हे पाणी व दुसऱ्या कुंडीतील तशाच रोपास गोडे पाणी आठवडाभर घालून दोहोंतील फरक मुलांनी रोज वहीत लिहावा. पहिले रोप कोमेजलेले पाहिल्यावर तिवराची थोरवी सांगावी लागत नाही.

खारफुटीची झाडे हे संकट दोन प्रकारे निवारतात. कांदळाची मुळे पाणी शोषताना त्यातील बहुतेक मीठ बाहेरच अडवितात. तिवराच्या मुळांतून काही मीठ आत जाते, ते पानांवरील सूक्ष्म ग्रंथींवाटे बाहेर टाकले जाते. कोरड्या दिवशी तिवराचे पान निरखून पाहिल्यास त्यावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात.

दुसरी अडचण हवेची. खाडीचा चिखल पाण्याने इतका भरलेला असतो की त्यात मुळांना श्वासापुरतीही हवा मिळत नाही. म्हणून तिवराच्या मुळांना पेन्सिलीसारखे कोंब फुटून ते चिखलातून सरळ वर येतात. ही श्वसनमुळे होत. ओहोटीच्या वेळी ती उघडी पडतात व हवा आत घेतात. कांदळाच्या खोडापासून निघालेली मुळे कमानीसारखी वाकून चिखलात रुततात. त्यायोगे झाडास आधार मिळतो व हवाही मिळते.

तिसरी अडचण बीजाची. साधे बी चिखलात पडले तर भरती ते वाहून नेईल. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते. त्याचा हिरवा, लांबट, शेंगेसारखा अंकुर फांदीवर लोंबत असतो. तो पिकला की गळून खाली चिखलात रुततो किंवा पाण्याबरोबर तरंगत जाऊन योग्य जागी मूळ धरतो. हे बीज भरतीबरोबर नव्या जागी जाऊ शकते, ही गोष्ट फळ्यावर ठळक लिहून ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

३. या वनाचा उपयोग काय?

मुलांना प्रथम त्यांच्या घरच्या ताटाकडे वळवावे. कोळंबी, चिंबोरी, बोय व जिताडा ही नावे त्यांच्या परिचयाची आहेत. कोळंबी अंडी घालते समुद्रात; परंतु तिची बारीक पिले भरतीबरोबर खाडीत येतात, मुळांच्या जाळीत मोठ्या माशांपासून आसरा घेतात, कुजलेल्या पानांवर वाढणारे सूक्ष्म जीव खाऊन पोसतात व थोडी मोठी झाल्यावर पुन्हा समुद्रात जातात. म्हणजे होडी बाहेरच्या समुद्रात जाऊन जी कोळंबी आणते, तिचे बालपण गावच्या चिखलात गेलेले असते. तिवरे तोडली तर जाळ्यात येणारी कोळंबी त्याच दिवशी कमी होत नाही, काही काळाने होते. त्यामुळे तोडणे व तोटा यांचा संबंध माणसाच्या ध्यानात येत नाही. हा संबंध जोडून दाखविणे हे शिक्षकाचे काम आहे.

वन्य जीवांची यादी मुलांकडून काढून घ्यावी. चिखलावर उड्या मारणारी निवटी, एक नांगी मोठी असलेला लहान खेकडा, मुळांना चिकटलेली कालवे, खंड्या, बगळे, हिवाळ्यात दूर देशांहून येणारे चिखलपक्षी ही त्यांनी पाहिलेली असतात. रात्री कोल्ह्याची कुई ऐकलेली असते. सिंधुदुर्गातील खाड्यांत पाणमांजरे आढळतात. पाणमांजर मासे खाते म्हणून कोळ्यांस ते नकोसे वाटते. तथापि जेथे मासा भरपूर तेथेच ते टिकते, एवढे मुलांस सांगावे.

दुसरा उपयोग रक्षणाचा. मुळांच्या व खोडांच्या दाटीतून येताना लाटेचा जोर ओसरतो व पाण्यातील गाळ खाली बसतो. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाभयंकर चक्रीवादळ आले व त्यात सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्या राज्यातील केंद्रपाडा जिल्ह्यातील गावांचा पुढे संशोधकांनी अभ्यास केला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्या गावांच्या पुढे कांदळवनाचा पट्टा रुंद होता, तेथे समुद्राच्या लोंढ्याने कमी माणसे दगावली, असे त्यात दिसून आले. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली : वेळेवर मिळालेल्या शासकीय सूचनेने वनापेक्षाही अधिक प्राण वाचविले. ही दुसरी गोष्ट वर्गात गाळू नये. वन आहे म्हणून वादळाच्या सूचनेकडे दुर्लक्ष करावे, असा समज मुलांचा होता कामा नये. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलेल्या 'निसर्ग' चक्रीवादळाने नारळी-पोफळीच्या बागा कशा मोडल्या, हे कोकणातील घरोघरी वडील माणसांस आठवते. त्या दिवसाची हकीकत मुलांनी घरी विचारून लिहून आणावी.

तिसरा उपयोग डोळ्यांस दिसत नाही. झाडे हवेतील कर्बवायू घेऊन आपले अंग वाढवितात. डोंगरातील पान गळून कुजले की त्यातील बराच कर्ब पुन्हा हवेत जातो. खाडीच्या चिखलात हवा नसल्याने पाने व मुळे फार सावकाश कुजतात आणि त्यांतील कर्ब शेकडो वर्षे गाळात पुरलेला राहतो. वन तोडून तो चिखल उकरला व वाळविला तर हा साठा मोकळा होऊन पुन्हा हवेत मिसळतो.

४. समुद्राची पातळी का वाढते?

कोळसा, पेट्रोल, डिझेल इत्यादी इंधने जाळल्याने व वने तोडल्याने हवेतील कर्बवायू वाढतो. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता. १९५८ साली हवाई बेटांवरील मौना लोआ येथे त्याचे नियमित मापन सुरू झाले, तेव्हा तो सुमारे ३१५ भाग होता. आता तो ४२० भागांच्या वर गेला आहे. हा वायू पृथ्वीची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. अशा प्रकारे साठलेल्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्राने आपल्यात सामावून घेतली आहे. त्याचा परिणाम पुढील दोन प्रयोगांनी दाखवावा.

प्रयोग पहिला. काचेची लहान बाटली रंगीत पाण्याने काठोकाठ भरावी. तोंडाशी एक पारदर्शक नळी उभी धरून भोवती कणीक घट्ट लिंपावी. नळीत पाणी कोठवर आहे तेथे खूण करावी व बाटली कडक उन्हात ठेवावी. काही वेळाने पाणी खुणेच्या वर चढलेले दिसेल. पाणी वाढले नाही, तापून फुगले. समुद्राचेही तसेच होते. १९७१ ते २०१८ या काळात समुद्राची जी पातळी वाढली, तिच्यापैकी सुमारे निम्मी वाढ अशा फुगण्याने झाली.

प्रयोग दुसरा. दोन सारखी भांडी घ्यावीत. एकात पाणी व त्यावर तरंगणारा बर्फ ठेवावा. दुसऱ्यात पाण्याच्या वर डोके काढणारा दगड ठेवून त्यावर तेवढाच बर्फ ठेवावा. दोहोंत पाण्याच्या पातळीला खूण करून बर्फ वितळू द्यावा. पहिल्या भांड्यात पातळी जवळजवळ तीच राहील, दुसऱ्यात वाढेल. तरंगता बर्फ वितळल्याने समुद्र वाढत नाही; ग्रीनलंड, दक्षिण ध्रुवाचे खंड व पर्वतांवरील हिमनद्या येथील जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात आला म्हणजे तो वाढतो.

१९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. २००६ ते २०१८ या वर्षांत वाढीचा वेग वर्षाला सुमारे ३.७ मिलिमीटर होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या सत्तर वर्षांतील वेगापेक्षा तो दुपटीहून अधिक आहे. गणिताच्या तासाला पुढील उदाहरण द्यावे : या वेगाने मुलगा पहिलीत आल्यापासून सातवी उत्तीर्ण होईपर्यंत, म्हणजे सात वर्षांत, समुद्र किती वाढेल? उत्तर २५.९ मिलिमीटर, म्हणजे साधारण अंगठ्याच्या रुंदीएवढे येईल. मुले हसतील व "एवढेच?" असे म्हणतील. त्या वेळी पुढचे उदाहरण घालावे : खाडीच्या काठाचा उतार दोनशे मीटरांस एक मीटर आहे. पातळी २० सेंटिमीटर वाढली तर पाणी आडवे किती आत येईल? उत्तर ४० मीटर. सपाट काठावर थोडी उभी वाढ म्हणजे पुष्कळ आडवी वाढ, हे आकृती काढून दाखवावे.

५. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर

आता तिवरे बुडतील की नाही, या प्रश्नाकडे यावे.

कायम पाण्याखाली राहिले तर तिवर मरते. त्याची श्वसनमुळे दिवसातून काही काळ उघडी पडलीच पाहिजेत. म्हणून मुलीची शंका रास्त आहे. परंतु पाणी वर येत असता वर चढण्याचे दोन मार्ग या वनास उपलब्ध आहेत.

पहिला मार्ग गाळाचा. नदी डोंगरातून माती आणते व भरती गाळ आणते. मुळांच्या जाळीत तो बसतो, वर पाने व मुळे यांची भर पडते, व वनाखालची जमीन वर्षावर्षाने किंचित उंच होते. समुद्र जेवढा चढेल तेवढीच जमीनही चढली तर वन आहे तेथेच टिकते. मात्र त्यासाठी नदीचा गाळ व भरतीचे पाणी यांची वाट मोकळी असली पाहिजे. भराव घालून, अथवा पुरेशा मोऱ्या न ठेवता रस्ता काढून ती वाट बंद केली, तर वनाला एकाही झाडाला कोयता न लागता मरण येते.

दुसरा मार्ग सरकण्याचा. मघाशी फळ्यावर लिहिलेली गोष्ट येथे वाचावयास सांगावी : बीज भरतीबरोबर नव्या जागी जाते. काठावर पाणी चाळीस मीटर आत येऊ लागले तर बीजही तेवढे आत येईल, तेथे रुजेल व पिढ्यापिढ्यांनी वन मागे सरकेल. परंतु मागे जागा हवी. तेथे पक्की भिंत, भराव किंवा इमारत असेल तर पुढून समुद्र व मागून भिंत अशा कोंडीत ते सापडते.

या दोन्ही मार्गांना एक मर्यादा आहे. गेल्या सुमारे दहा हजार वर्षांत जगातील ७८ ठिकाणी साठलेल्या गाळाचे थर तपासून केलेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. समुद्र वर्षाला सुमारे ६ मिलिमीटरपेक्षा अधिक वेगाने चढू लागला तर बहुतेक ठिकाणी कांदळवनाची जमीन त्याच्या बरोबरीने चढू शकत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. ३.७ व ६ हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत. अंतर थोडे आहे. ते कायम राखणे हे एका गावाच्या हातचे नाही. जगातील सर्व देशांनी इंधनाचा वापर कसा व किती बदलला यावर ते अवलंबून आहे. गाळाची वाट व मागची जागा मात्र पुष्कळ अंशी गाव, तालुका व जिल्हा यांच्या हातात आहे.

म्हणून त्या मुलीस द्यावयाचे उत्तर असे : तिवरे बुडतीलच असे नाही. त्यांना पाणी, गाळ व जागा मिळाली आणि समुद्र फार वेगाने चढला नाही, तर ती स्वतः वर चढतील व आपलेही रक्षण करतील. यांतील एकही गोष्ट आपण हिरावून घेतली तर तुझी भीती खरी ठरेल.

६. शेती व कायदा

हा पाठ शिकविताना एक नाजूक प्रश्न हमखास पुढे येईल. ज्या शेतकऱ्याची खारजमीन बांधामुळे टिकून आहे, त्याच्या मुलास "मागे जागा सोडा" हे वाक्य घर सोडण्यासारखे वाटेल. त्याचे मन जपूनच विषय मांडावा. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून व उघाड्या बसवून खाडीकाठची जमीन भातासाठी राखली आहे. १९४८ च्या मुंबई खारभूमी कायद्याने व पुढे १९७९ च्या महाराष्ट्र अधिनियमाने या कामास शासनाचे पाठबळ मिळाले. ते बांध पाडावेत असे कोणी म्हणत नाही. उलट, बांधापुढे तिवरांचा पट्टा असला म्हणजे लाटांचा मारा आधी त्यावर बसतो व बांधाला खांड पडण्याचा धोका कमी होतो. ज्या बांधापुढील तिवरे सरपणासाठी तोडली गेली, त्याची डागडुजी वारंवार करावी लागते, हे वयस्क शेतकऱ्यांस माहीत असते. त्यांना शाळेत बोलावून ते त्यांच्या तोंडून मुलांस ऐकवावे.

खरा तंटा निराळ्या ठिकाणी आहे. काही ठिकाणी बांध फुटून तो वेळेवर दुरुस्त झाला नाही, खारे पाणी आत येत राहिले व सातबाऱ्यावर शेत असलेल्या जमिनीत तिवरे उगवली. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ रोजी दिलेल्या निकालाप्रमाणे, जमीन कोणाच्याही मालकीची असो, कांदळवन नष्ट करण्यास बंदी आहे. कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या जीविताच्या हक्कावरील घाला आहे, असे न्यायालयाने म्हटले व वनाभोवती पन्नास मीटरांचा पट्टा राखण्यास सांगितले. शेतकऱ्याची हळहळ खोटी नाही व कायद्याचा हेतूही खोटा नाही. या प्रसंगी शिक्षकाने न्यायाधीश होऊ नये. दोन्ही बाजू मुलांसमोर ठेवाव्यात व बांध वेळेवर दुरुस्त झाला असता तर हा तंटा उद्भवला असता काय, एवढा एकच प्रश्न विचारावा. सांभाळ वेळेवर न केल्यास पुढे दोघांचेही नुकसान होते, हे मुलांस यातून आपोआप उमगेल.

वन राखून उपजीविका होते, याचीही उदाहरणे द्यावीत. राज्याच्या वनविभागात २०१२ साली स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. २०१७ पासून किनाऱ्यावरील गावांत खेकडेपालन, कालवेपालन, शोभेचे मासे वाढविणे अशा कामांस शासनाच्या योजनेतून साहाय्य मिळू लागले. वेंगुर्ले येथे महिलांच्या बचतगटाने पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखविण्याचे काम हाती घेतले. वन उभे आहे म्हणून हे धंदे आहेत.

७. क्षेत्रभेट व भरतीवही

क्षेत्रभेट ओहोटीच्या वेळी, पंचांगातील तिथी व स्थानिक मच्छीमारांचा सल्ला पाहून ठरवावी. मुलांना चिखलात उतरवू नये. बांधावरून किंवा धक्क्यावरून निरीक्षण करावे. ज्या झाडास पांढरा चीक येतो त्याला हात लावू देऊ नये, कारण असा चीक डोळ्यांस अपायकारक असू शकतो. दोन पालक बरोबर असावेत. अंकुर, शिंपले, खेकडे गोळा करून आणू नयेत, चित्रे काढावीत.

वृक्षारोपणाची हौस आवरावी. हा सल्ला काहींना विचित्र वाटेल. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत अनेक ठिकाणी मोठ्या उत्साहाने खारफुटीची रोपे लावली गेली. त्यांतील पुष्कळ ठिकाणची रोपे जगली नाहीत, कारण जागा व जात यांचा मेळ नव्हता. जेथे पाणी खेळते व जवळ मोठी झाडे आहेत, तेथे बीज स्वतः येऊन रुजते. मुलांनी उघाडीच्या व मोरीच्या तोंडाशी अडकलेले प्लॅस्टिक मोठ्या माणसांच्या मदतीने काढून पाण्याची वाट मोकळी केली, तर रोपे लावण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

प्रत्येक शाळेने 'भरतीवही' ठेवावी. दर अमावास्येस व पौर्णिमेस उधाणाचे पाणी धक्क्याच्या कोणत्या पायरीपर्यंत आले, ते मोजून लिहावे. त्याचबरोबर कोणत्या विहिरीचे पाणी मचूळ झाले, कोणत्या शेतात खारे पाणी शिरले, नवीन अंकुर कोठे रुजले, कोणते पक्षी दिसले, हेही लिहावे. एक गोष्ट मुलांस आधीच सांगून ठेवावी : एका वर्षाच्या नोंदीत समुद्राची वाढ दिसणार नाही. उधाण व भांग यांतील पाण्याचा फरक मिलिमीटरांच्या मानाने फारच मोठा असतो, शिवाय वारा व पाऊस यांनीही पातळी बदलते. तेव्हा पहिल्याच वर्षी "समुद्र वाढला" अथवा "वाढला नाही" असा निकाल देऊ नये. वही पुढच्या वर्गाच्या स्वाधीन करावी. वीस वर्षांनी ती वही गावाच्या फार उपयोगी पडेल. आणि आज तिच्यामुळे मुले खाडीकडे लक्षपूर्वक पाहावयास शिकतील.

८. प्रश्न

(१) तिवराची श्वसनमुळे वर का येतात? ती सतत पाण्याखाली राहिली तर काय होईल?
(२) कोळंबीचा समुद्र-खाडी-समुद्र असा प्रवास चित्राने दाखवा.
(३) तरंगता बर्फ व जमिनीवरचा बर्फ यांच्या वितळण्यात काय फरक आहे?
(४) काठाचा उतार १५० मीटरांस १ मीटर असेल व पातळी ३० सेंटिमीटर वाढली, तर पाणी किती आत येईल?
(५) कांदळवन टिकण्यास लागणाऱ्या तीन गोष्टी लिहा. तुमच्या गावी त्यांपैकी कोणती कमी पडत आहे?
(६) बांधापुढे तिवरे असण्याने शेतकऱ्याचा काय लाभ होतो? घरी विचारून लिहा.

९. समारोप

आरंभी सांगितलेल्या शाळेत मी चैत्रात पुन्हा गेलो होतो. गुरुजींनी दिलेला शब्द पाळला होता. मुलांनी बर्फाचा प्रयोग करून दाखविला व खाडीकाठचा नकाशा काढून भिंतीवर लावला होता. त्या नकाशात शाळेमागच्या रस्त्याखालील एका मोरीभोवती तांबड्या खडूने वर्तुळ काढले होते. मी कारण विचारले. तीच मुलगी म्हणाली, "ही मोरी बुजली आहे. पलीकडची तिवरं वाळायला लागली आहेत. आम्ही ग्रामपंचायतीला पत्र लिहिलं आहे."

पत्राचे उत्तर तोवर आले नव्हते. मुलांनी त्याची नोंद भरतीवहीत तारखेसह केली होती व पुढच्या अमावास्येस पुन्हा पाहावयाचे ठरविले होते. आपापल्या शाळेच्या खिडकीतून दिसणाऱ्या खाडीकडे, ओढ्याकडे किंवा रानाकडे मुलांनी असे पाहावे, एवढ्यासाठी हा पाठ आहे. शिक्षक बंधुभगिनींनी तो आपल्या गावाच्या मानाने कमीअधिक करून घ्यावा.